शरीफ मंडळी

समोरच्या घरात करीमनगरकडचं एक कुटुंब राहायला आलं, तेव्हाची गोष्ट. त्या घरच्या अक्कांना मराठी येत नव्हतं आणि माझ्या आईला तेलुगू येत नाही. आपल्याला हिंदी येतं असा समज मात्र दोघींचाही. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. अक्कांनी नव्या शेजाराच्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "अम्मा, मीकु एंतमंदि पिल्ललु?"

तेलुगूत पिल्ललु म्हणजे लेकरंबाळं. आईच्या कानांनी त्यातलं 'पिल्ल' तेवढं उचललं. आमच्या घरात पिल्लांची विचारपूस रोजचीच, त्यामुळे तिला काही वावगं वाटलं नाही.

"साठ तं असतीनच," आई म्हणाली. "परवा रात्री आनखी वीस झाले."

"साठ?" हा आकडा हिंदीतही साठच असल्यामुळे अक्कांना नीट पोचला.

"जास्त होते. पन मायनंच खाल्ले बरेचसे." हे समजावं म्हणून आईने पाची बोटं तोंडाकडे नेली आणि मान हलवून हळहळली.

अक्का आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. पुढचे दोन दिवस त्यांनी आपला धाकटा अंगणात एकटा सोडला नाही.

आदिलाबादेत हे व्हायचंच. गाव तेलंगणात, बाजार निम्मा मराठीत, भांडणं दखनीत, आणि पैनगंगा ओलांडली की थेट यवतमाळ जिल्हा. आई पांढरकवड्याची, बायको किनवटची, आणि मी इथल्या एका जिनिंगमध्ये मुनीम. पिल्लं आहेत ती माशांची: गप्पी, मॉली, प्लॅटी. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहती पिल्लं देतात. सगळं रामायण तिथून सुरू होतं.

मासे मी हौसेने आणले नाहीत. एका वास्तुवाल्याने आमच्या शेठना सांगितलं होतं की गादीच्या आग्नेयेला आठ सोनेरी मासे आणि एक काळा मासा ठेवा, काळा मासा नजर स्वतःवर घेतो. शेठनी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची पेटी आणवली. मग हमाल, ड्रायव्हर, दलाल, जो येईल तो शेठच्या माशांना पुण्य म्हणून चिमूटभर दाणे टाकू लागला. सोनेरी मासे खाऊन खाऊन गेले. काळ्याने नजर घेतली असेल, पण ती एकट्याला झेपली नसावी, कारण शेवटी तोही गेला. त्या दिवाळीला बोनसच्या पाकिटाबरोबर मला पेटी मिळाली. पाकीट नेहमीपेक्षा हलकं होतं, पेटी अर्थातच जड. काठोकाठ भरली तर तिच्यात 190 लिटर पाणी मावतं. कापसाची एक गठाण 170 किलोची, म्हणजे माझ्या बैठकीच्या खोलीत एक गठाण आणि वर वीस किलो. शिवाय आमच्या धंद्यात ओलाव्याशी वैर. कापसात 8 टक्के ओलावा चालतो, 12च्या वर गेला की खरेदी केंद्रावरून गाडी परत. अशा माणसाच्या घरात आता सगळाच ओलावा.

दुकानात जाऊन मी सांगितलं, "शांत मासे द्या. घरात आई आहे, बायको आहे, तिसरी कटकट नको."

दुकानदाराने एका पेटीकडे बोट दाखवलं. "ये लेलो साब. गप्पी, मॉली, पलाटी. शरीफ लोगां है. किसीको क्या बी नै बोलते."

खरंच शरीफ दिसत होते. बोटाच्या पेराएवढे गप्पी, नरांच्या शेपट्या लुगड्याच्या पदरासारख्या. मखमली काळ्या मॉली. नारिंगी, गुबगुबीत प्लॅटी. शेजारच्या बरणीत एकटा फायटर होता, काचेतल्या स्वतःलाच दम देत. पुढच्या पेटीत टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्यांचे लचके तोडत होते. त्यांच्यासमोर ही मंडळी म्हणजे अगदी सप्ताहाला बसलेली. माल चेन्नईच्या कोळत्तूरचा आहे असं दुकानदार म्हणाला. कोळत्तूर म्हणजे रंगीत माशांची पैदास करणारी वस्ती. आपल्याकडच्या कितीतरी पेट्यांतले मासे पिशवीत हवा भरून तिथूनच निघतात.

"कितने दूं?"

"तिन्हींच्या एकेक जोडी."

इथे माझा हिशोब चुकला, आणि तोही मुनीम असून. आपल्याकडे बैल जोडीने, चपला जोडीने, लक्ष्मी-नारायण जोडीने, तर मासेही जोडीनेच यायचे. दुकानदारही जोडीचाच भाव सांगतो. पण या जातींत एका नराला एक मादी दिली तर ती मादी जिवाला मुकते. नराला दुसरा उद्योगच नाही. उजाडल्यापासून दिवा मालवेपर्यंत तो तिच्यामागे. ती झाडामागे गेली तर हा झाडामागे, ती फिल्टरखाली तर हा फिल्टरखाली. नाचतो, थरथरतो, पर फुलवून आडवा येतो. चार दिवसांत माझी गप्पीण कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. आई समोर स्टूल टाकून बघत होती. म्हणाली, "मेल्याला दुसरं काम नाही काय? त्याला जिनिंगवर घेऊन जा."

जाणकारांचा नियम असा की एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, म्हणजे त्याचा छळ वाटला जातो. शांत माशांची शांतता ही अशी, वाटून घेतलेली. मी परत दुकानात गेलो आणि नुसत्या माद्या मागितल्या. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून मान हलवली. गिऱ्हाईक फसलं की दुकानदार अशीच मान हलवतो, हे मी गादीवर बसून तीस वर्षं पाहिलंय. तरी ओळखलं नाही.

नर-मादी ओळखायला सोपं. नराच्या पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. मादीच्या शेपटीच्या अलीकडे पोटावर एक काळसर डाग असतो. तो गडद होऊ लागला आणि पोट गोल राहण्याऐवजी चौकोनी दिसू लागलं की दिवस भरले समजायचं. गप्पीला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. चौकोनी पोट हा काय प्रकार असतो ते मला कळत नव्हतं. मग एका रात्री पाहिलं, तर खरंच नवी काडेपेटी गिळल्यासारखी दिसत होती.

त्या रात्री साडेअकराला आईने मला उठवलं. तिला झोप कमी. पेटीसमोर स्टुलावर बसून ती जपमाळ ओढायची आणि मधूनच माद्यांच्या तब्येतीवर शेरे मारायची. काळी मॉली तळाशी एका दगडाआड थांबली होती. शेपटी किंचित खाली, कल्ले जोरजोरात चाललेले. मग तिने अंगाला एक झटका दिला आणि पोटाखालून काहीतरी काळं गळालं. स्वल्पविरामाएवढं, स्वल्पविरामासारखंच वळलेलं. ते तळाकडे बुडू लागलं. अर्ध्या वाटेत उलगडलं, सरळ झालं, दोन टिंबांएवढे डोळे दिसले आणि ते सुळकन पानांत शिरलं. कोणी शिकवलं नाही, कोणी टाळी वाजवून 'बाळ, पोह' म्हटलं नाही. दोन मिनिटांनी दुसरं. मग तिसरं, चौथं. आईची जपमाळ थांबली. ती हात जोडून बसली होती आणि मोजत होती.

नवव्यानंतर मॉली वळली आणि तिने सातवं गिळलं.

"अवो माय!" आई ओरडली. घर उठलं.

पोटचं लेकरू आणि पोटात जाणारं लेकरू यांत हे मासे फरक करत नाहीत. समोर हललं, तोंडात मावलं, की गिळलं. एवढाच त्यांचा विचार. गप्पीणही खाते, प्लॅटीही खाते आणि बाप तर खातोच. आईने त्या मॉलीला जे सुनावलं ते पांढरकवड्याच्या बाजारात ऐकायला मिळतं, इथे छापता येणार नाही. मग बायकोने स्वयंपाकघरातून भाजी धुवायची हिरवी प्लास्टिकची टोपली आणली, पेटीत तरंगत ठेवली आणि मॉलीला तिच्यात घातलं. भोकांतून पिल्लं खाली निसटतात, आई वर अडकून पडते. बाजारात यासाठी खास डबा मिळतो म्हणे. आमचं टोपलीत भागलं. त्या आठवड्यात पालेभाजी मात्र पिशवीतच धुतली गेली.

सकाळी आईने विचारलं, "बाळंतिणीला काय देतं?"

"वाळवलेले किडे."

"डिंकाचा लाडू कुसकरून टाकू काय?"

टाकू दिला नाही, पण ती टाकेल या धास्तीने मी महिनाभर डबा वरच्या फळीवर ठेवला.

तेव्हापासून मी कीर्द सुरू केली. सवयच ती. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आरंभी शिल्लक सहा, खरेदी माद्या सहा. जमा, मॉलीची बावीस. नावे, आईने खाल्ली पाच, बापाने दोन, फिल्टरमध्ये ओढली गेली तीन. जमा, गप्पीची अठरा, प्लॅटीची पंधरा. दोन महिन्यांनी ताळेबंद जुळेना. वहीत सत्तावन्न, पेटीत एकसष्ट. वहीपेक्षा माल जास्त निघतो हे मुनीमकीत फक्त एका कारणाने होतं आणि ते कारण मी घरात बोललो नाही. शेवटी नवी पिल्लं 'किरकोळ जमा' खाती टाकली.

मॉली हे नाव कुठून आलं ते वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं. 1821 मध्ये लेस्युर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या माशाच्या प्रजातीला नाव दिलं ते मोलियां नावाच्या काउंटवरून, आणि हा मोलियां नेपोलियनचा खजिनदार मंत्री. म्हणजे हा हिशोबनिसाचा मासा! मुद्दल एवढंसं आणि व्याज चक्रवाढ. नेपोलियनचा खजिना रिकामा झाला, मोलियांचा अजून वाढतोच आहे.

गप्पीची कथा त्याहून मजेशीर. मराठीत गप्पी म्हटलं की एकतर गप्प बसणारा वाटतो, नाहीतर गप्पा छाटणारा. प्रत्यक्षात हे आडनाव आहे. रॉबर्ट लेचमेअर गप्पी हे त्रिनिदादचे शाळा तपासनीस. त्यांनी तिथले हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले आणि 1866 मध्ये तिथल्या ग्युंथर नावाच्या पंडिताने माशाला त्यांचं नाव देऊन टाकलं. पुढे निघालं असं की पीटर्स नावाच्या जर्मनाने 1859 मध्येच व्हेनेझुएलाच्या माशांवरून त्याचं बारसं केलं होतं. पहिलं नाव तेच खरं, हा शास्त्राचा नियम, म्हणून कागदावर पीटर्सचंच पोसिलिया रेटिक्युलाटा राहिलं. लोकांच्या तोंडी मात्र तपासनीस साहेब. आमच्या गावात याचं कोणाला नवल वाटणार नाही. पाट्यांवर आदिलाबाद असलं तरी जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात.

माद्या वाढवल्या तसा छळ कमी झाला, पण त्याच मापाने बाळंतपणं वाढली. तेव्हा मी ठरवलं, फाळणी करायची. पेटीत मधोमध काच बसवली. डावीकडे पुरुष, उजवीकडे महिला वसतिगृह. आता बघू कशी जमा होते ते. महिना गेला. वसतिगृहात अठरा पिल्लं. मी काचेची फट तपासली. दुसऱ्या महिन्यात चौदा. आईने माझ्याकडे संशयाने पाहिलं, जणू मीच रात्री दार उघडून देत होतो.

या माद्या नराचं बीज पोटात महिनोन्महिने साठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे काढून वापरतात. एका भेटीवर लागोपाठ कितीतरी विणी. दुकानातून आणलेली मादी जवळजवळ नेहमी आधीच गाभण असते, ती यामुळेच. दुकानदार कशावरून मान हलवत होता ते आता कळलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "अहो, एवढी शिल्लक तुम्हाला जन्मात टाकता आली नाही."

मॉलीच्या कुळात याच्याही पुढची शाखा आहे. टेक्सास आणि मेक्सिकोच्या नद्यांत अॅमेझॉन मॉली नावाची जात आहे. तिच्यात सगळ्या बायकाच. हब्ज पती-पत्नींनी 1932 मध्ये हे जगाला सांगितलं तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं काही असतं हे पहिल्यांदाच समजलं. त्यांना शेजारच्या जातीतला नर लागतो, पण फक्त निमित्तापुरता. त्याचं पिल्लांत काहीही उतरत नाही, पिल्लं हुबेहूब आईसारखी आणि सगळ्या मुलीच. म्हणजे जावयाला मान आहे, वारसा नाही. हे मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "नदीचं नाव काय म्हणालास?"

त्याच सुमारास माझ्या शांत पेटीत मी स्वतः अशांतता आणली. कोणीतरी म्हणालं, स्वोर्डटेल पण शरीफच असतो, पिल्लं देतो, सगळ्यांत मिसळतो. दोन लाल नर आणले. शेपटीच्या खालच्या बाजूला तलवारीसारखं टोक, म्हणून हे नाव. प्लॅटी, मॉली यांना त्याने खरोखर काही केलं नाही. दुसऱ्या स्वोर्डटेलला मात्र पेटीत जागा ठेवली नाही. म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तीन-चार नर असते तर दादागिरी विभागली गेली असती, किंवा एकच असता तर प्रश्न नव्हता. दोन हा आकडाच वाईट, भागीदारीतल्या जिनिंगांचं काय होतं ते आम्ही पाहतोच. हरलेला एका रात्री उडी मारून गेला. हे मासे उड्या मारतात, झाकण हवं, हे मला सकाळी कळलं, जेव्हा कॅलेंडरच्या खाली एक लाल, वाळलेली मिरची सापडली आणि ती मिरची नव्हती.

गप्पी नरांच्या रंगांवर जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या ओढ्यांत वर्षानुवर्षं काम केलं. जिथे खाणारे मोठे मासे भरपूर, तिथले गप्पी फिकट, अंग चोरून राहणारे. जिथे धोका कमी, तिथले भडक, ठिपकेदार, नखरेल. हे वाचून मला आमची बाजारपेठ आठवली. इन्कम टॅक्सवाल्यांची वर्दळ असते त्या गल्लीतल्या शेठलोकांचे सदरे आणि न येणाऱ्या गल्लीतल्यांच्या गाड्या, यावर कोणीतरी असाच अभ्यास करायला हवा.

आता हवामान. तेलंगणात थंडी पडली की वर्तमानपत्रातल्या तापमानाच्या यादीत आमचा जिल्हा सगळ्यांत खाली असतो, आणि उन्हाळ्यात वरच्या नंबरांत. दोन्हीकडे नाव. मासे मुळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले, त्यांना 24 ते 26 अंश लागतात. डिसेंबरात पेटीत दोनशे वॅटचा हीटर लावला. पहाटे आम्ही सगळे दोन-दोन चादरींत कुडकुडतोय आणि बैठकीत मॉली कोमट पाण्यात विहार करतायत. आंघोळीला गिझर लावायचा म्हटलं की बायको मीटर दाखवायची. आई तर पहाटे उठून पेटीच्या काचेला तळवे लावून शेकत बसायची. मे महिन्यात उलटं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासतात. मग फ्रीजरमध्ये बर्फ केलेली पाण्याची बाटली पेटीत तरंगवायची. घरात आलेला पाहुणा घाम पुसत थंड पाण्याची बाटली मागायचा आणि बाटली माशांकडे.

एक गोष्ट मात्र इथे आयती जमली. आमच्या बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग. मॉलीला नेमकं असंच पाणी मानवतं. हलक्या पाण्यात ती जागच्या जागी डुलत राहते, आजारी पडते. ज्या पाण्याला बायको पंधरा वर्षं नावं ठेवते, त्यात मॉली सुखाने नांदतेय असं मी एकदा बोलून दाखवलं. त्या दिवशी डाळ शिजली नाही आणि ती तशीच वाढली गेली.

पुढची दिवाळी आली आणि सफाईत आईने पेटी घेतली. मासे बादलीत काढले, वाळू सात पाण्यांनी धुतली, काच राखेने घासली, आणि फिल्टरचा काळाकुट्ट स्पंज धुण्याच्या साबणाने चोळून पांढराशुभ्र केला. पेटी शोरूममध्ये असावी तशी दिसत होती. तीन दिवसांत सोळा मासे गेले. माशांच्या अंगातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या काळ्या स्पंजात आणि वाळूत राहतात. ही वस्ती बसायला महिना-सव्वा महिना लागतो आणि साबण लावला की एका सकाळीत उठते. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळायचा, पाणी थोडं थोडं बदलायचं, नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून. हे मला माहीत होतं, सांगायचं राहिलं होतं. आईने दोन दिवस जेवण नीट केलं नाही. "मळ होता नं बाप्पा तो," एवढंच पुन्हा पुन्हा. कीर्दीत मी ते सोळा 'दिवाळी खर्च' म्हणून लिहिले आणि पान उलटलं.

पण सोळा गेल्याने काय होतंय. फाल्गुनात पुन्हा शंभरीच्या वर गेले. आता वाटप सुरू केलं. जिनिंगमधल्या प्रत्येक माणसाला बरणी. भाजीवाल्याला बरणी. मुलाच्या शाळेतल्या बाईंना बरणी. लोक सुरुवातीला हरखून घ्यायचे, मग तीन महिन्यांनी रस्ता बदलायचे. आई म्हणाली, सोडून दे तलावात, पुण्य लागेल. ते मात्र केलं नाही. हे मासे मिळेल त्या पाण्यात जगतात, वाढतात आणि आपल्याकडच्या बारक्या माशांच्या तोंडचा घास पळवतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पीला 1910च्या सुमारास आपल्या देशात आणलं, त्याचाच भाऊबंद गंबुशिया 1928 मध्ये इटलीहून आला, आणि दोघेही पाहुणे म्हणून आले ते घरमालक झाले. पांढरकवड्याकडे आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत गप्पी सोडायची ते मला लहानपणापासून आठवतं. त्यावरून डोकं चाललं आणि मी सहा गप्पी आमच्या कूलरच्या टाकीत सोडले. डास खरंच कमी झाले. आठव्या दिवशी पंपाने एक पिल्लू वर ओढलं आणि ते ताटीतून ठिबकत येऊन झोपलेल्या मेहुण्याच्या कपाळावर पडलं. मेहुणा त्या रात्रीच्या गाडीने किनवटला परत गेला. कूलरचा हाही फायदा आहे.

हा मेहुणा पेटी पहिल्यांदा पाहून म्हणाला होता, "भावजी, तळले तर किती होतील?" आपल्या भागाचा दृष्टिकोन हाच. मृग लागला की, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेला, अख्खं तेलंगण मासे खातं. त्याच दिवशी हैदराबादेत बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना औषध भरलेली जिवंत मरळ गिळायला देतं, त्यालाही हीss गर्दी. आमच्या बाजारात सकाळपासून रांग. मीही उभा असतो. घरी कापलेला मासा धुतला जात असताना मुलगा पेटीवर टॉवेल टाकतो. माशांना दिसू नये म्हणून.

समोरच्या अक्कांचा गैरसमज तिसऱ्या दिवशी दूर झाला. त्या हळदीकुंकवाला आल्या, पेटी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की स्टुलावर बसल्या. जाताना दहा पिल्ललु घेऊन गेल्या. दोघींची आता एक वेगळीच भाषा झाली आहे. त्यात क्रियापदं नाहीत, फक्त आकडे आणि हातवारे आहेत.

गेल्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला त्याचा एक मित्र बरणी घेऊन आला. रंगीत कागद, रिबन. आत पाच गप्पी. नराच्या शेपटीवर डावीकडे दोन काळे ठिपके, मध्ये नारिंगी पट्टा. हे ठिपके मी ओळखतो, हे आमच्या घराण्याचे आहेत. मित्राला ते त्याच्या मावशीने दिले होते, मावशीला ट्यूशनच्या सरांनी, सरांना जिनिंगच्या ड्रायव्हरने. कीर्दीत काय लिहावं कळेना. शेवटी 'माल परत' लिहिलं.

तेव्हा वाचकहो, नंदिग्राम एक्स्प्रेसने कधी आदिलाबादेत उतरलात तर एक रिकामी बरणी बरोबर आणा. झाकणाला चार भोकं पाडलेली असावीत. एका नरामागे तीन माद्या, असा हिशोब मी स्वतः करून देईन, थोडं जड पाणीही देईन. पैसे नकोत. फक्त एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही.